त्यांना उभं करू नका

श्रोते हो, नमस्कार.

पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसली की गर्दी जमते आणि कुणीतरी म्हणतंच, "अहो, उठवा त्यांना, बाजूला बसवा." डोकं फुटलेलं नाही, माणूस बोलतोय, म्हणजे थोडक्यात निभावलं असं वाटतं. मला काळजी वाटते ती न दिसणाऱ्या रक्ताची.

कमरेखालचा हाडांचा सांगाडा, डॉक्टर ज्याला पेल्व्हिस म्हणतात, म्हणजे एक कडं. मागे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, दोन्हीकडे खुब्याची रुंद हाडं, ती पुढे येऊन जुळतात. काचेची बांगडी दाबली तर एकाच जागी तुटत नाही. याचंही तसंच. म्हणून एक्स-रेत पुढची मोड दिसली की मुरलेले डॉक्टर मागची शोधायला लागतात.

बुटक्या कारचा बंपर मोठ्या माणसाच्या गुडघ्याजवळ लागतो आणि बॉनेटची कड मांडीला किंवा खुब्याला. उंच नाकाची गाडी असेल तर कड थेट कमरेवर, लहान मुलाच्या तर छातीवरच. रस्ता ओलांडताना आपली कूस गाडीकडे असते, त्यामुळे कडं बहुधा बाजूने चेपतं.

कड्याच्या आतल्या अंगाला शिरांचं दाट जाळं असतं. हाड सरकलं की ते फाटतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण 5 लिटर. त्यातलं दोन-तीन लिटर आतच साचू शकतं, बाहेर थेंब नाही. जखमेवर धरू लागलेली गुठळी उभं केल्याने, कुशीवर वळवल्याने सुटते.

रुग्णवाहिकेतली माणसं पट्टा आवळतात तो कड्याला धरून ठेवायला. कुठे? घरी उभे असाल तर मांड्यांच्या वरच्या टोकाला बाहेरून तळहात ठेवा आणि एक पाऊल आत-बाहेर फिरवा. हाताखाली जो उंचवटा सरकतो, पट्टा त्यावरून जातो. पँटचा पट्टा असतो तिथे नाही! ही चूक शिकलेल्या हातांकडूनही होते.

तुम्ही काय करायचं? माणसाला हलवण्याऐवजी वाहनं थांबवा. अंगावर पांघरूण घाला, पाणी पाजू नका. जांघेत कळ, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला, लघवीच्या जागी रक्त, पांढराफटक चेहरा, यातलं काही दिसलं तर रुग्णवाहिकेला फोनवर लगेच सांगा. आणि धडक कुठल्या बाजूने बसली, गाडी बुटकी होती की उंच, हेही.