बडोद्याच्या पेट्या आणि मंडळाचं कपाट

(कनेक्टिकटमधील मराठी मंडळाच्या मेळाव्यात एका ग्रंथपाल सभासदानं केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय, तेव्हा प्रस्तावना गाळते. मी इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते हे कळल्यापासून कार्यकारिणी माझ्या मागे लागली आहे की, आपल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आता तूच सांभाळ. किल्ली मी घेते, पण कपाट कुलपात ठेवायला घेणार नाही. का, ते सांगायला थोडं जुनं बोलावं लागेल.

न्यू हेवनच्या चॅपल स्ट्रीटवर इन्स्टिट्यूट लायब्ररी आहे. आपल्यातले बरेच जण तिच्या दारावरून शंभरदा गेले असतील. १८२६ साली काही कारागीर तरुणांनी आपापली पुस्तकं एकत्र करून ती सुरू केली. पुढे विल्यम अलन्सन बॉर्डन हे गृहस्थ तिथे वीसेक वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकं लावायची त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली, ती त्या कपाटांत अजूनही चालते. या बॉर्डनना १९१० मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला नेलं.

महाराजांनी १९०६ पासून संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. अडचण पुढची होती. पोरगं चार यत्ता शिकतं, मग शेतावर जातं, घरात पुस्तक नाही, आणि काही वर्षांत शिकलेली अक्षरं विसरतं. अमेरिकेतली मोफत वाचनालयं महाराजांनी स्वतः पाहिली होती. म्हणून इथला ग्रंथपाल तिथे. बॉर्डन तीन वर्षं राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी वर्ग काढला. गावाला वाचनालय हवं असेल तर गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीनं घालायची आणि तेवढीच संस्थानानं. फुकट दिलेल्या वाचनालयाला धूळ लवकर चढते, हे कोणीतरी ओळखलं होतं!

मला सगळ्यात आवडतात त्या पेट्या. फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या. जिथे वाचनालय नाही त्या गावी निवडक पुस्तकांची पेटी जायची, वाचून झाली की परत यायची आणि पुढच्या गावी निघायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न (काचेवरची चित्रं पडद्यावर पाडणारा दिवा) आणि चित्रपटाचे खेळ गावोगाव नेले जात, आणि ते खातंही ग्रंथालयाचंच. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघू लागलं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीतून. बॉर्डन परतल्यावर हा कारभार पुढे नेणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. या चळवळीवर १९१९ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. आपण शाळेत सयाजीरावांवर निबंध लिहिले, पण कुडाळकरांचं नाव मी इथे येऊन, ग्रंथालयशास्त्र शिकताना ऐकलं.

आता दुसऱ्या बाजूचं एक नाव. पुरा बेलप्रे. पोर्तो रिकोहून आलेली तरुणी, १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत कामाला लागली. आजीकडून ऐकलेल्या गोष्टी तिनं मुलांच्या कपाटात शोधल्या, एकही सापडली नाही. मग ती स्वतःच सांगू लागली, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत, बाहुल्या नाचवून. मार्टिना नावाचं झुरळ आणि पेरेझ नावाचा उंदीर यांची गोष्ट १९३२ मध्ये पुस्तकरूपानं आली. लॅटिनो जीवन दाखवणाऱ्या मुलांच्या उत्तम पुस्तकांसाठी लॅटिनो लेखक-चित्रकारांना आज अमेरिकेत जो पुरस्कार मिळतो तो तिच्या नावाचा आहे. झुरळ-उंदराचं लग्न न्यूयॉर्कच्या पोरांना चालत असेल, तर चिमणीचं मेणाचं घर आणि कावळ्याचं शेणाचं घर का चालू नये? शेण म्हटल्यावर तर चार वर्षांची पोरं जमिनीवर लोळतात. मी सांगून पाहिली आहे.

आपली पुस्तकं या देशात नाहीत असं कोणी म्हटलं की मला पीएल ४८० हा परदेशांना धान्य पुरवण्याचा अमेरिकन कायदा आठवतो. साठच्या दशकातला रेशनचा अमेरिकन गहू इथल्या आजीआजोबांना चांगला आठवत असेल. त्याची चव काढू नका! त्या गव्हाचे पैसे भारतानं रुपयांत दिले, आणि त्यातल्या काही रुपयांची भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली गेली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून हे काम करतंय, पुढे पैशाची वाट बदलली तरी. शिकागोसारख्या विद्यापीठांत मराठीची कपाटंच्या कपाटं त्यामुळे उभी राहिली. तुमच्या गावच्या ग्रंथालयात इंटरलायब्ररी लोनचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याचा, अर्ज भरा, त्यातलं पुस्तक बऱ्याचदा तुमच्या काउंटरवर येतं. हा अर्ज भरणारा मराठी माणूस मला फार क्वचित भेटतो. आपण सामानाच्या वजनात पापड आणि पुस्तकं यांची भांडणं लावत बसतो.

आता मागणं. खोक्यांनी पुस्तकं दान देऊ नका. ती बहुतेक वेळा पुस्तकविक्रीच्या टेबलावर जातात, कारण मराठी पुस्तकाची नोंद करणारं माणूस ग्रंथालयात नसतं. त्यापेक्षा निवडक पन्नास पुस्तकांची यादी करू, प्रत्येकाचं नाव आणि लेखक रोमन लिपीत, शिवाय दोन ओळी इंग्रजीत. नोंदी मी करीन. मग बडोद्यासारखी पेटी करू, एक गाव झालं की पुढच्या गावाच्या ग्रंथालयात.

दुसरं, आमच्याकडे स्थानिक इतिहासाची खोली आहे. जुने नकाशे, शाळांची वार्षिकं, चर्चची पत्रकं, इटालियन आणि पोलिश मंडळांची इतिवृत्तं, सगळं आहे. आपलं काही नाही. पन्नास वर्षांनी या गावात मराठी माणसं राहत होती का असं कोणी विचारलं, तर कागद दाखवता आला पाहिजे. पहिल्या गणपतीची निमंत्रणं, हातानं लिहिलेला हिशोब, नाटकाची तिकिटं, भाड्याच्या हॉलशी झालेला पत्रव्यवहार, सायक्लोस्टाइल केलेले दिवाळी अंक. आपल्या लेखी ही रद्दी, आमच्या खोलीत ती दस्तऐवज होते. आणि हो, फोटोच्या मागे नावं लिहा, पण मऊ पेन्सिलनं. बॉलपेननं दुसऱ्या बाजूला रेघ उठते.

जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलापाशी आहे. लायब्ररी कार्डाचे कोरे अर्ज आणलेत. पत्त्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. ज्यांचे आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत त्यांनीही या, त्यांच्या कार्डाचं काय करायचं ते मी बघते. आणि तळघरातली खोकी उघडलीत की फेकण्याआधी मला फोन करा.