विंडोज ११ : चढवण्याआधी आणि चढवल्यावर

मंडळी, नमस्कार.

विंडोज १० च्या फुकट सुरक्षा-अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ‘चाललंय ना, मग हात कशाला लावायचा’ म्हणत थांबलेल्या पतसंस्था, वाचनालयं, डीटीपीची दुकानं, शाळांची कार्यालयं आता ११ कडे निघाली आहेत. उशिरा निघालेल्याला एक सोय असते. पुढे गेलेले कुठे अडखळले हे त्याला आधीच ठाऊक असतं. विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. त्या पहिल्या महिन्यांत लोकांना काय भोगावं लागलं आणि त्यातून आपल्या कार्यालयासाठी काय घ्यायचं, यावर आज बोलू.

पहिल्याच आठवड्यात एएमडी रायझन प्रोसेसरवाल्यांचे संगणक मंदावले. प्रोसेसरमधल्या तिसऱ्या पातळीच्या कॅशपर्यंत, म्हणजे त्याच्या आतल्या जलद स्मृतीपर्यंत, पोचायला नव्या विंडोजला जास्त वेळ लागत होता. काही प्रोग्रॅममध्ये ३ ते ५ टक्के आणि काही खेळांत १० ते १५ टक्के फरक पडतो, असं एएमडीनेच सांगितलं. २१ ऑक्टोबरच्या अपडेटने आणि नव्या चिपसेट ड्रायव्हरने (ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या भागांशी विंडोजला बोलू देणारा प्रोग्रॅम) तो दोष गेला. पाठोपाठ ३१ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रीनचा तुकडा कापणारं स्निपिंग टूल बऱ्याच जणांकडे उघडेना. इंटेलच्या ठरावीक ऑडिओ ड्रायव्हरमुळे संगणक मध्येच बंद पडून निळा पडदा येत होता. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, इंग्रजीबाहेरची काही अक्षरं लिहिणारे प्रोग्रॅम उघडत नव्हते.

या तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. मूळ विंडोज चालू असतं. बिघाड होतो तो सांध्यांवर, म्हणजे ड्रायव्हर, प्रमाणपत्र, फॉन्ट, प्रिंटर, डोंगल (प्रोग्रॅमचा परवाना तपासणारी छोटी जोडणी), जुना हिशेबाचा प्रोग्रॅम इथे. म्हणून ‘माझ्या संगणकावर ११ बसेल का’ एवढंच विचारून भागत नाही. संगणकाला काय काय जोडलेलं आहे आणि त्यावर कोणतं काम होतं, त्याची यादी आधी कागदावर हवी.

आणखी एक. ज्या संगणकात असा ज्ञात दोष आढळतो, त्याला मायक्रोसॉफ्ट अपडेट देणं मुद्दाम रोखून धरतं. तेव्हा बऱ्याच जणांनी आयएसओ (विंडोज घालायची पूर्ण फाइल) उतरवून जबरदस्तीने ११ चढवलं आणि तोच निळा पडदा ओढवून घेतला. विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत नसेल तर आधी कारण शोधा.

आता पात्रतेकडे येऊ. ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, ही अट. तपासण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक आहे. जून २०२१ मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा फक्त ‘चालणार नाही’ म्हणायचं, का ते सांगायचं नाही. लोकांनी चांगले संगणक बाद समजून टाकले, आणि ते साधन काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं. आता ते कारण सांगतं. टीपीएम नाही असं म्हणालं तरी घाबरू नका. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि ‘टीपीएम डॉट एमएससी’ टाइप करा. तिथेही दिसलं नाही तर बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलच्या मदरबोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम.

पण बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते तात्पुरतं सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमधली सेटिंग बदलली की संगणक हीच की मागतो. ती असते मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि लॅपटॉप सुरू करून देताना दुकानदाराने स्वतःचं खातं घातलं असेल तर की त्याच्याकडे! संस्थेचे सगळे लॅपटॉप संस्थेच्याच खात्यावर आहेत का, हे या आठवड्यात तपासून घ्या. की मिळाली नाही तर डेटा परत मिळत नाही. कोणताही तंत्रज्ञ त्यात काही करू शकत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सिक्युअर बूटपाशी, म्हणून इथे जरा थांबतो. असेंबल केलेल्या बऱ्याच जुन्या संगणकांत डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीची असते आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) चालू असतं. कुणीतरी सांगतं की सीएसएम बंद कर, सिक्युअर बूट चालू कर. तसं केलं की काळा पडदा येतो आणि ‘बूट करायला डिस्क नाही’ असा संदेश दिसतो. कारण साधं आहे. सीएसएम बंद केलं की यूईएफआय ही नवी बूट पद्धत उरते, आणि तिला डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची लागते. डेटा कुठेही गेलेला नसतो. सीएसएम परत चालू करा, संगणक पूर्वीसारखा उठतो. या जागी घाबरून फॉरमॅट मारलेले संगणक पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या एकालाही फॉरमॅटची गरज नव्हती.

बरोबर क्रम असा. आधी पूर्ण बॅकअप. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि विंडोजमध्येच असलेली ‘एमबीआर टू जीपीटी’ ही आज्ञा सलग एका शब्दात (mbr2gpt) द्यायची, पुढे ‘स्लॅश व्हॅलिडेट’ आणि ‘स्लॅश अलाऊफुलओएस’. ही नुसती तपासणी असते, डिस्कवर काही लिहीत नाही. ती पार पडली तर व्हॅलिडेटच्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून तीच आज्ञा पुन्हा. त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम बंद.

आपल्याकडे ही तपासणी फार वेळा नापास होते आणि त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. आपल्याला सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडून घ्यायची सवय. या आज्ञेला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी भाग चालतात, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग अजिबात चालत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून पट्ट्यांचे रंग बघा. प्रायमरी भागावर गडद निळी पट्टी असते. ई ड्राइव्ह फिकट निळ्या पट्टीचा आणि भोवती हिरवी चौकट असलेला दिसला, तर तो लॉजिकल. पहिला छोटा राखीव भाग, सी आणि डी मिळून तीन झाले की विंडोज चौथा भाग एक्स्टेंडेडमध्ये घालतं. म्हणून ई चा सगळा मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दोन-चार फाइली तिथून उघडून खात्री करा, मग ई काढून टाका. काढल्यावर जी हिरवी मोकळी जागा उरते तीही पुन्हा उजव्या क्लिकने काढायची. ती काळ्या पट्टीची झाली पाहिजे. हे दुसरं पाऊल विसरलं जातं आणि तपासणी पुन्हा नापास होते. रूपांतरानंतर त्याच जागेत ई पुन्हा तयार करता येतो.

प्रोसेसरच बसत नसेल तर रजिस्ट्रीतली पळवाट वापरून ११ चढवता येतं, हे खरं आहे. पण ज्या संगणकावर लोकांच्या ठेवींचा हिशेब आहे त्यावर ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्ट अशा संगणकाला पुढच्या अपडेटची हमी देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर फार जुने, कोअर टू ड्युओच्या काळातले प्रोसेसर बूटच होत नाहीत. घरच्या संगणकासाठी विंडोज १० ची वाढीव सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. त्याला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं, आणि एका खात्यावर दहा संगणकांपर्यंत चालतं. कंपन्या आणि संस्थांसाठीची योजना वेगळी आहे, आणि तिला प्रत्येक संगणकामागे पैसे पडतात.

अजूनही ३२ बिट विंडोज १० वर असाल तर वेगळा विचार करावा लागेल. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती नाही, त्यामुळे आहे त्या विंडोजवर वरच्यावर अपग्रेड होत नाही, नव्याने कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. ६४ बिट विंडोजवर डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला पगारपत्रकाचा किंवा कर्जखात्यांचा प्रोग्रॅम जिथे अजून रोज उघडतो, तिथे आधी त्याची सोय लावा. डॉसबॉक्सवर (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) तो उघडतो, पण साधं डॉसबॉक्स खेळांसाठी बनवलेलं आहे. दोन टेबलांवरून एकाच डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाच्या) फाइलमध्ये एकदम नोंदी होत असतील तर ते फाइल लॉक करून राखत नाही. डॉसबॉक्स-एक्समध्ये छपाईची आणि फाइल-लॉकिंगची सोय आहे. आठवडाभर खऱ्या डेटाच्या प्रतीवर ते चालवून बघा, डॉट मॅट्रिक्सवर पावत्या काढा, बेरजा जुळवा. समांतर पोर्टच्या जुन्या डोंगलचंही तसंच. त्याचा ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोज घेतच नाही. कंपनीकडे नवा ड्रायव्हर आहे का ते आधी विचारा.

आता मराठीचं. वरच्यावर अपग्रेड केलं तर फॉन्ट जागच्या जागी राहतात. कोरं इन्स्टॉलेशन केलं की श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे बाहेरून घातलेले फॉन्ट जातात आणि जुन्या फाइलींत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, एवढंच. फॉन्ट परत घातला की मजकूर परत येतो. म्हणून आधी विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर कॉपी करून ठेवा. विंडोज १० मध्ये ॲडमिनिस्ट्रेटर हक्काशिवाय घातलेले फॉन्ट तिथे नसतात, ते त्या वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेवर असतात. तोही फोल्डर घ्या.

युनिकोडवाल्यांना वाटतं आपल्याला काही त्रास नाही. पण मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट आता मूळ विंडोजसोबत येत नाहीत. भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी घातली की येतात, नाहीतर ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्यावे लागतात. मंगल नसेल तर वर्ड गुपचूप निर्मला किंवा दुसरा फॉन्ट लावतं. अक्षरं वाचता येतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण मंगलच्या दोन ओळींतलं अंतर बरंच जास्त असतं, त्यामुळे पानं सरकतात. चाळीस पानी अहवाल छत्तीस पानांत बसतो आणि अनुक्रमणिका चुकते.

यावर एक साधा उपाय आहे. अपग्रेडच्या आदल्या दिवशी एक चाचणीचं पान करा. त्यात दुसऱ्या, कऱ्हाड, ॲड., ज्ञानेश्वर, शृंगार, रुपयाचं चिन्ह आणि तुमच्या लेटरहेडचा एक परिच्छेद घाला. ते छापून ठेवा. अपग्रेडनंतर तीच फाइल त्याच प्रिंटरवर छापा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. ओळी तंतोतंत बसल्या तर फॉन्ट आणि प्रिंटरचा ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. कीबोर्डसाठी विंडोज आणि स्पेसबार दाबून मराठीची योग्य मांडणी येते का बघा. इनस्क्रिप्टवाल्यांनी शिफ्ट-जे दाबून ऱ उमटतो ना, तेही पाहावं.

नेटवर्कवर दोन ठिकाणी नक्की अडतं. एक, शेअर केलेला प्रिंटर. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा-अपडेटनंतर छपाईची जोडणी कडक झाली, आणि शेवटी ‘११बी’ असलेला एरर येऊ लागला. ज्याला प्रिंटर जोडलाय तो आणि ज्यावरून छापायचं तो, दोन्ही संगणक अद्ययावत हवेत. विंडोज ७ ची मदत जानेवारी २०२० मध्येच संपल्यामुळे तिथे हा एरर हटकून येतो. रजिस्ट्री बदलून ही सुरक्षा बंद करता येते, पण प्रिंटरला लॅनची सोय असेल तर त्याला स्वतःचा आयपी पत्ता देऊन थेट जोडणंच चांगलं. दुसरं, झेरॉक्स मशीनवरून फोल्डरमध्ये होणारं स्कॅनिंग. जुनी मशीनं एसएमबी या फाइल-शेअरिंगच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात, ती नव्या विंडोजमध्ये मुळात बंद असते. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत तर पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून प्रवेशही बंद आहे. मशीनचं फर्मवेअर अद्ययावत करा, नाहीतर स्कॅन ईमेलने किंवा एफटीपीने घ्या.

विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही. ज्या जुन्या संकेतस्थळांना तोच लागतो ती एजच्या आयई मोडमध्ये उघडतात, पण आपण घातलेली नोंद ३० दिवसांनी आपोआप निघून जाते. ‘काल चालत होतं, आज का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच असतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि आधारच्या बोटांच्या ठशांच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) अपग्रेडनंतर पुन्हा नव्याने घाला, आणि निविदेची शेवटची तारीख आठवड्यावर आलेली असताना हे काम काढू नका.

सुरुवातीला लोक चिडले ते टास्कबारवर. वर्डच्या चार फाइली एकाच चिन्हाखाली दडायच्या. ती सोय २०२३ मध्ये परत आली. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ‘नेव्हर’ निवडा. उजव्या क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून उजवं क्लिक करा.

शेवटी मागे फिरण्याची वाट. अपग्रेडनंतर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ हे बटण फक्त १० दिवस असतं. पतसंस्थेची व्याज आकारणी किंवा शाळेची पगारबिलं महिन्यातून एकदाच होतात, त्यामुळे खरी अडचण कळेपर्यंत ही मुदत संपलेली असते. म्हणून अपग्रेड झाल्या दिवशीच ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिस्म’ आज्ञेला ‘स्लॅश ऑनलाइन’, ‘स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ आणि ‘स्लॅश व्हॅल्यू’पुढे अपूर्णविराम (:) देऊन ६० असं जोडा. मुदत ६० दिवस होते. तोवर सी ड्राइव्हवरचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर, जागा कमी पडली तरी, कुणालाही साफ करू देऊ नका. तो गेला की बटणही गेलं. मागे फिरताना अपग्रेडनंतर घातलेले प्रोग्रॅम जातात, म्हणून त्या दिवसांत घातलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमची आणि त्याच्या परवाना-क्रमांकाची नोंद संगणकाशेजारच्या वहीत करत राहा.