बेसची लाईन

(काळा पडदा. बेसची जाड तार, उघडी, एकदाच.)

आत्ता जे वाजलं ते तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर खरं सांगतो, तुम्ही ते ऐकलंच नाहीत. बेस गिटारची ई तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते आणि फोनचा एवढासा स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, खाली जवळजवळ मुका असतो. तरी खालचा सूर आला असं वाटलं ना? कारण तारेतून ४१ एकटा येत नाही, त्याच्यावर ८२, १२४, १६५ असे उपस्वर येतात, आणि वरचे उपस्वर नीट कानावर पडले की मेंदू खालचा सूर आपला आपण भरून घेतो.

आम्ही बेसवाले टोन टोन करत रात्र रात्र जे चघळतो ते बहुतेक या वरच्या भागाबद्दल असतं. खालचा धक्का काय, सब-वूफर असला की कुणीही देतो. पण बेस कुठला, बोटं कुणाची, तार जुनी की नवी, हे कळतं ते मधल्या पट्ट्यात. नवीन पोरं प्रीअँप, म्हणजे बेसचा आवाज वाढवून त्याला रंग देणारा डबा, घेतात आणि पहिलं काम काय करतात, तर बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब फुल, ट्रेबल (वरच्यांचा) फुल, मिड (मधल्यांचा) खाली. घरात एकट्याने वाजवताना छाती भरून येते एवढं भारी वाटतं, आणि ड्रम, दोन कीबोर्ड, गिटार, ढोलकी सुरू झाली की हा पोरगा स्टेजवर दिसतो पण ऐकू येत नाही.

(दृश्य: दादर पश्चिम, प्लाझासमोर. शिवाजी मंदिर. खांद्यावर गिगबॅग.)

आज जुन्या मराठी गाण्यांचा प्रोग्राम आहे. ढोलकी, तबला, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, बासरी, गिटार, बेस आणि चार गायक. माझ्याकडे काय आहे बघा, एक बेस, एक वायर, चप्पल ठेवायच्या कप्प्यात एक पुस्तकाएवढा डबा, तोच प्रीअँप. स्पीकर वाजवणारा मोठा अँप नाही. लोक विचारतात, अरे तुझा स्पीकर कुठाय? तर १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी नावाचा अँप काढला, ३०० वॉटचा, ट्यूबवाला (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा), आणि त्याच्याखाली दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर असलेलं कपाट. रॉकच्या बेसचा जो आवाज सगळ्यांच्या डोक्यात बसलाय त्यात त्या कपाटाचा मोठा हात आहे. पण नुसतं ते कपाटच पन्नास किलोच्या वर जातं. ते घेऊन मी संध्याकाळी सहाची विरार फास्ट पकडू? मालडब्यात मासेवाल्या मावश्यासुद्धा चढू देणार नाहीत.

म्हणून मुंबईत बेसवाल्याचा टोन आधी लोकल ठरवते. जे खांद्यावर मावतं तेच खरं.

साउंडवाले दादा स्टेजच्या टोकावरून ओरडतात, "बेस, लाईन दे रे." मी म्हणतो, "दादा, डीआय माझा आहे, फक्त एक्सएलआर द्या." (डीआय म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारा भाग, तो माझ्या डब्यातच आहे. एक्सएलआर म्हणजे माईकची तीन पिनांची वायर.) मग चार सूर, ते म्हणतात "अजून वाजव," परत चार सूर, "चल, झालं." संपला माझा साउंडचेक. तबल्याला दहा मिनिटं, गायिकेच्या माईकच्या एकोला वीस मिनिटं, आणि बेसला एवढंच. यात मी कुणाला नावं ठेवत नाही, प्रेक्षक गाणं ऐकायला आलेत. पण त्या अर्ध्या मिनिटात माझ्या डब्यातून जे मिक्सरमधे जाईल तेच रात्रभर राहणार, ते नंतर कुणीही हलवणार नाही. म्हणून प्रीअँप पाहिजे.

तो नेमकं करतो काय? बेसच्या पिकअपमधून (तारांखालचं चुंबक, तारेचं कंपन विजेत बदलणारं) येणारा सिग्नल फार अशक्त असतो, आणि त्याला पुढे जोडलेली वस्तू फारसं काही ओढणारी चालत नाही. मिक्सरच्या माईक इनपुटचा अडथळा असतो दोन-तीन हजार ओहमचा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेला, बेस थेट त्यात घातला की वरचे सूर गळून पडतात, आवाज मेंगळट होतो. प्रीअँपचं तोंड दहा लाख ओहमचं असतं, म्हणजे तो पिकअपवर भारच टाकत नाही. तो सिग्नल घेतो, वाढवतो, त्याला हवा तो रंग देतो आणि बॅलन्स्ड करून एक्सएलआरमधून पाठवतो, की तीस मीटर वायर गेली तरी कचरा येत नाही. रंग देणं हा शेवटचा भाग आहे, पण भांडणं सगळी त्याच्यावरच होतात.

काही बेसमधे प्रीअँप आतच असतो. लिओ फेंडरने १९५१ मधे प्रिसिजन बेस आणला, १९६० मधे जॅझ बेस, दोन्ही पॅसिव्ह, आत बॅटरी वगैरे काही नाही. पुढे १९७६ मधे म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला, त्यात आत सर्किट आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. आवाज खणखणीत, स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवायला) तर मजाच. पण वायर खोचली की बॅटरी चालू होते, बेस वाजवा नाहीतर नुसता स्टँडवर ठेवा. इंटरव्हलमधे वायर काढायला विसरलेले लोक मी बघितलेत, दुसऱ्या अंकात आवाज फाटत फाटत जातो आणि सगळे वायरीला शिव्या देतात. बॅटरी तपासायची आमची पद्धत बघून घ्या.

(दृश्य: अगदी जवळून. बॅटरीची दोन टोकं जिभेला लावतो, चेहरा वाकडा होतो.)

झणका बसला तर चांगली. नुसती आंबूस लागली तर बदला. डॉक्टर लोक काय म्हणतील माहीत नाही, पण बॅकस्टेजला मीटर कुणाकडे असतो.

आता बाहेरचे डबे. टेक ट्वेंटीवन कंपनीचा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, ट्यूब अँप आणि स्पीकर असल्याचा भास देणारा, आमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या बॅगेत तो किंवा त्याची स्वस्त नक्कल असतेच. त्याच्या जुन्या मॉडेलला मिडचा नॉबच नव्हता आणि मधला भाग मुळातच थोडा खोलगट, रॉकला झकास, पण ढोलकीबरोबर मला जमत नाही. दुसरीकडे फिनलंडमधल्या हेलसिंकीची डार्कग्लास कंपनी, मेटल वाजवणारी पोरं त्यांचे डबे देवासारखे पुजतात, करकरीत डिस्टॉर्शन पण खालचा सूर शाबूत. मग ट्यूबवाले प्रीअँप, आवाजाला गोडवा, पण जड, गरम होतात, वेगळा अ‍ॅडॉप्टर मागतात. आणि चौथा प्रकार म्हणजे जवळजवळ काहीच रंग न देणारे, फक्त तीन-चार नॉब आणि एक डीआय. मी हल्ली तेच वापरतो. कंटाळवाणा डबा आहे पण त्याच्यात मिडची फ्रिक्वेन्सी सरकवता येते, आणि मला तेवढंच पाहिजे.

कारण ढोलकी. हे परदेशातल्या कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. तिकडे बेसची जागा किक ड्रमबरोबर वाटून घ्यायची असते, आणि किक एकदा धप करून गप्प बसते. आपल्याकडे डग्गा घुमतो, सूर खालून वर ओढत नेतो, ढोलकीची धुम तर अख्खी ओळ बोलते. लावणी लागली की डग्गा आणि बेस एकाच खोलीत राहणाऱ्या दोन भावांसारखे होतात, एकाने पाय पसरले की दुसऱ्याला भिंतीला टेकून बसावं लागतं. मी काय करतो, शंभर हर्ट्झच्या खालचं थोडं कमी, चारशे-पाचशेच्या आसपास थोडं वर, आणि सूर तोकडे वाजवतो. भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथे, तारांखाली सारलाय, त्याने सूर लगेच मरतो, लांबत नाही. अक्कल माझी नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर जेम्स जेमरसन वाजवायचा तो १९६२ चा प्रिसिजन, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, आणि बऱ्याचदा अँप नाहीच, थेट स्टुडिओच्या मिक्सरमधे. डेट्रॉइटमधली युक्ती दादरला लावणीत चालते.

(दृश्य: मेकअप रूमच्या दारात.)

"ताई, कुठली पट्टी?" "काळी दोन." झालं. काळी दोन म्हणजे डी शार्प, आणि चार तारांच्या बेसचा खालचा शेवटचा सूर ई. अर्धी पायरी कमी पडते. षड्ज वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याची बैठकच जाते. म्हणून मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या बऱ्याच जणांकडे पाच तारांचा बेस दिसेल, खाली बी, ३१ हर्ट्झच्या जवळ. शायनिंग मारायला नाही हो, गायक पट्टी ऐनवेळी बदलतात म्हणून. तसं बघायला गेलं तर हॉलचा पीए (प्रेक्षकांकडचे मोठे स्पीकर) तो ३१ काढतच नाही, पण उपस्वर जातात आणि मघाशी म्हटलं तसं बाकीचं प्रेक्षकांचा मेंदू बघून घेतो.

मंडपातलं प्रकरण वेगळंच. जनरेटर, एलईडीची भिंत, डिमर, सगळं एकाच लाईनवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बेसवर ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी असतो ४९ चा. म्हणजे घरघर सुरू झाली की ती जवळजवळ सुरात असते, फक्त थोडी बेसूर, आणि जी मधलं गाणं असलं की डोकं उठतं. प्रिसिजनचा १९५७ नंतरचा दुभंगलेला पिकअप घरघर स्वतःच मारतो. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम फुल ठेवले तर मरते, एक कमी केला की परत आली. तरी राहिली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोड तोडणारं) बटण दाबायचं. काही ठिकाणी मात्र थ्री-पिनची अर्थची पिनच उपटून ठेवलेली असते, घरघर जाते म्हणून. तिथे मी वाजवत नाही. हात तारांवर, ओठ माईकला, आणि मधे तुम्ही. एकदा हलका झटका बसला की मग प्रत्येक मंडपात आधी प्लग बघायची सवय लागते.

पैशाचं बोलू. आमच्यात मानधनाला नाईट म्हणतात. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नसराई आणि एकतीस डिसेंबर, एवढ्यात वर्षाचं जमवायचं. पितृपक्षात फोन वाजत नाही आणि जून-जुलैत तर बेसची मानसुद्धा दमटपणाने वाकते, अ‍ॅलन की घेऊन ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरवत बसायचं, तारांना गंज. नाटकाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या प्रोग्रामला पाकीट त्याच रात्री हातात पडतं, रक्कम लहान पण रोख. लग्नातल्या संगीतला आणि कंपन्यांच्या प्रोग्रामला मोठी रक्कम, पण बिल पाठवा, पॅन पाठवा, मग दोन महिने "प्रोसेसमधे आहे सर." सर म्हणायला लागले की समजायचं पैसे लांबणार.

आणि दहाचं बंधन आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. तक्रार नाही, म्हातारी माणसं असतात, परीक्षा असतात. धोबी तलावच्या रंगभवनात एके काळी उघड्यावर जॅझ यात्रा भरायची, इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, आणि शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटलं, तिथला आवाज शांतता क्षेत्राच्या नियमात बंद झाला. आमच्या पिढीने ते फक्त ऐकलंय. तिथून चालत फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गेलं की सिनियर लोक तारा घेता घेता आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंगला बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांच्या गोष्टी सांगतात, त्या मात्र फुकट मिळतात.

(दृश्य: रात्र. स्टेज उतरतंय, वायरी गुंडाळणं चाललंय.)

प्रोग्राम संपला. साउंडवाले दादा म्हणाले, "बेस आज चांगला लागला रे, काय लावलं होतंस?" मी त्यांना स्पंज दाखवला. चारशे-पाचशेचं सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या वेळी तो मिक्सरवरून कापला असता.

परतीला लोकल मिळाली तर बरं, कारण दादरला रिक्षा नाही, रिक्षा मिळते ती बांद्र्याच्या पुढे, आणि टॅक्सीने गेलो की नाईटमधला चांगलाच भाग तिलाच. बाकी, ठाण्याचा एक मित्र त्याचा ट्यूब प्रीअँप विकतोय. जड आहे, गरम होतो, बॅगेत मावणार नाही आणि लावणीला त्याचा काडीचा उपयोग नाही. रविवारी वाजवून बघायला जातोय.