दहा रुग्णांची झोप आणि चाचणीची निवड

मित्रहो, प्रबंधाची आकडेवारी घेऊन येणारे विद्यार्थी बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘माझ्या डेटाला कोणती टेस्ट लावू?’ या प्रश्नाचे उत्तर आकड्यांचा तक्ता न्याहाळून मिळेल अशी त्यांची अपेक्षा असते. आकडे सलग आहेत की गटवारीचे, गट दोन आहेत की तीन, एवढे पाहून चाचणीचे नाव सांगणारे तक्ते पाठ्यपुस्तकांतही असतात आणि ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र, आकडे कसे गोळा केले हे त्या तक्त्यांना ठाऊक नसते, आणि चाचणीची निवड मुख्यतः त्यावरच ठरते. हे मी आज टी-चाचणीच्या, म्हणजे सरासरींमधला फरक योगायोगाचा असू शकेल का हे तपासणाऱ्या चाचणीच्या, जन्माशी जोडलेल्या एकाच उदाहरणावरून दाखवणार आहे.

कुश्नी आणि पीबल्स या दोन संशोधकांनी १९०५ मध्ये झोपेच्या औषधांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या एका मनोरुग्णालयातील रुग्णांना काही रात्री औषध दिले, काही रात्री दिले नाही, आणि झोपेच्या तासांची नोंद ठेवली. डब्लिनच्या गिनेस कंपनीच्या मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी यांतल्याच दहा रुग्णांचे आकडे वापरले. औषधांची नावे लिहिताना त्यांच्याकडून घोटाळा झाला, तो भाग वेगळा. आपण त्या औषधांना पहिले आणि दुसरे औषध म्हणू. पहिल्या औषधाने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. फरक १.५८ तासांचा, म्हणजे सुमारे दीड तासाचा. हा फरक योगायोगाचा असू शकेल का, हा आपला प्रश्न. शून्य परिकल्पना अशी की दोन्ही औषधांच्या परिणामात सरासरीने काहीही फरक नाही.

आता हेच वीस आकडे संगणकाला ‘दहा-दहांचे दोन स्वतंत्र गट’ म्हणून दिले, तर टी चे मूल्य (सरासरीतल्या फरकाला आकड्यांच्या चढउतारावरून काढलेल्या मापाने भागून येणारी संख्या) १.८६ येते आणि पी-मूल्य, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, सुमारे ०.०७९. सार्थकता पातळी, म्हणजे पी-मूल्य जिच्या खाली गेले तरच शून्य परिकल्पना नाकारायची ती मर्यादा, ०.०५ धरली असेल, तर शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. तेच आकडे ‘दहा जोड्या’ म्हणून दिले, तर टी ४.०६ येतो आणि पी-मूल्य ०.००२८. आकडे तेच, सरासरीतला फरक तोच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. दोहोंपैकी बरोबर कोणता हे आकड्यांच्या रांगांकडे कितीही वेळ पाहिले तरी कळणार नाही. दोन्ही औषधे त्याच दहा रुग्णांना दिली होती, ही माहिती असेल तरच कळेल.

या तफावतीचे कारण नीट समजून घेणे आवश्यक आहे. सहाव्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने ३.४ तासांनी वाढली आणि दुसऱ्याने ४.४ तासांनी, सातव्याची ३.७ आणि ५.५ तासांनी. उलट दुसऱ्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने १.६ तासांनी घटली आणि दुसऱ्याने अवघी ०.८ तास वाढली. याचा अर्थ, माणसामाणसांतच मोठी तफावत आहे, आणि ज्याला एक औषध लागू पडते त्याला दुसरेही बऱ्याच प्रमाणात लागू पडते. दोन रांगांमधील सहसंबंध (जो जास्तीत जास्त १ असू शकतो) ०.८ च्या जवळपास आहे. स्वतंत्र गटांची चाचणी ही सगळी तफावत टी च्या भाजकात घेते, त्यामुळे औषधांमधला फरक तिच्याखाली झाकला जातो. जोड्यांची चाचणी प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याशीच करते, आणि दहा फरकांपैकी नऊ धन व एक शून्य आहे हे चित्र स्पष्टपणे समोर येते. या लाभासाठी स्वातंत्र्य मात्रा, म्हणजे चढउतार मोजायला उरणाऱ्या स्वतंत्र माहितीची संख्या, अठराऐवजी नऊ घ्याव्या लागतात. सहसंबंध एवढा जास्त असताना ती किंमत किरकोळ आहे. अर्थात, जोड्या प्रयोगाच्या रचनेतच असाव्या लागतात. दोन वेगळ्या गटांचे आकडे चढत्या क्रमाने लावून शेजारशेजारच्यांना जोडी म्हणणे, हा प्रकार मी प्रबंधांत पाहिला आहे, आणि त्याला चाचणी म्हणता येत नाही.

रचनेशी निगडित दुसरा प्रश्न अधिक वेळा चुकतो : निरीक्षणाचे एकक कोणते? गॉसेट यांच्या तक्त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे एका रुग्णाच्या अनेक रात्रींची सरासरी. एखाद्याने प्रत्येक रात्र हे स्वतंत्र निरीक्षण मानले असते, तर नमुना कागदावर कितीतरी मोठा झाला असता आणि पी-मूल्य कमालीचे लहान झाले असते. पण एकाच माणसाच्या रात्री परस्परांपासून स्वतंत्र नसतात. रुग्ण दहाच होते. एका वाफ्यातली तीस रोपे म्हणजे तीस वाफे नव्हेत आणि एका वर्गातली पन्नास मुले म्हणजे पन्नास शाळा नव्हेत. स्वातंत्र्याचे गृहीतक मोडले, की चाचणीचे नाव बदलून ते सांधता येत नाही. प्रसामान्यतेच्या, म्हणजे आकडे घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे विखुरलेले असण्याच्या, गृहीतकावर आपण तासन्तास चर्चा करतो आणि याकडे मात्र दुर्लक्ष करतो, हे मला नेहमीच चमत्कारिक वाटते.

प्रसामान्यतेचाही विचार करू. जोड्यांच्या टी-चाचणीत प्रसामान्य वितरणाची अपेक्षा फरकांकडून असते, मूळ दोन रांगांकडून नव्हे. त्यामुळे प्रत्येक रांगेवर वेगळी प्रसामान्यता-चाचणी लावून घाबरून जाण्याचे कारण नाही. फरकांत एक आकडा खटकतो. नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तासांचा आहे आणि बाकीच्यांपैकी एकाचाही २.४ च्या पुढे नाही. या एका रुग्णामुळेच निकाल लागला असावा असा संशय येणे स्वाभाविक आहे. म्हणून तो आकडा वगळून पाहू : सरासरी फरक १.५८ वरून १.२४ वर उतरतो, पण टी ४.०६ वरून सुमारे ५.७ वर चढतो! दुसऱ्या औषधाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा काढला आणि पुरावा वाढला. कारण असे की त्या एका आकड्याने सरासरी जेवढी वर ओढली होती, त्याहून प्रमाण विचलन (आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप) जास्त फुगवले होते, ते १.२३ वरून ०.६६ वर येते. आकडा वगळावा असे मी सुचवत नाही. लहान नमुन्यात टी-चाचणी टोकाच्या मूल्यांपुढे कशी वागते, एवढेच यातून दिसते.

अशा वेळी मूळ आकड्यांऐवजी त्यांच्या लहानमोठेपणाच्या क्रमांकांवर आधारलेल्या चाचण्या उपयोगी पडतात. विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये एकाच छोट्या निबंधात अशा दोन चाचण्या मांडल्या, एक जोड्यांसाठी आणि एक स्वतंत्र गटांसाठी. दुसरीलाच पुढे मान आणि व्हिटनी यांचे नाव चिकटले. म्हणजे अशी प्राचलाविरहित (ठरावीक वितरण गृहीत न धरणारी) चाचणी निवडली तरी जोड्यांचा प्रश्न टळत नाही. आपल्या आकड्यांना मान-व्हिटनी चाचणी लावली तर पी-मूल्य सुमारे ०.०७ येते आणि विल्कॉक्सनची जोड्यांची चाचणी लावली, तर शून्य फरकाचा रुग्ण वगळून उरलेले नऊही फरक धन असल्यामुळे ते धन-ऋण चिन्हांच्या ५१२ शक्य जुळण्यांपैकी २, म्हणजे ०.००३९ येते. केवळ धन-ऋण मोजणारी साधी चिन्ह चाचणीही तेच सांगते. टी की क्रमांक, या निवडीने निकाल फारसा हलला नाही. जोड्या की स्वतंत्र, या निवडीने तो उलटला.

क्रमांकांच्या चाचण्यांचीही एक मर्यादा असते. जोड्या पाचच असतील आणि पाचही फरक एकाच बाजूचे निघाले, तरी द्विपुच्छ (दोन्ही दिशांचा फरक धरणारे) पी-मूल्य ३२ पैकी २, म्हणजे ०.०६२५ च्या खाली जात नाही. असा प्रयोग ०.०५ या पातळीवर सुरू होण्यापूर्वीच हरलेला असतो.

गट खरोखरच स्वतंत्र असतील, तर दोन्ही गटांचे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) समान आहे असे न मानणारी वेल्च यांची टी-चाचणी सरसकट वापरावी असे माझे मत आहे. आर या सांख्यिकीच्या संगणक प्रणालीत वेगळे काही न सांगितल्यास तीच चाचणी लागते. गट तीन किंवा अधिक असतील, तर दोन-दोनच्या टी-चाचण्या लावत बसू नये. परस्परांपासून स्वतंत्र अशा तीन तुलना ०.०५ पातळीवर केल्या, तर शून्य परिकल्पना खऱ्या असतानाही निदान एकदा ती नाकारली जाण्याची शक्यता १४ टक्क्यांवर जाते. मोजणीच्या आकड्यांसाठी पीअर्सन यांची १९०० मधील काय-वर्ग चाचणी आहे आणि अपेक्षित वारंवारता (शून्य परिकल्पना खरी असताना प्रत्येक रकान्यात अपेक्षित असलेल्या संख्या) फार लहान असतील तर फिशर यांची अचूक चाचणी. तिथेही जोड्यांचा प्रश्न उभा राहतोच : त्याच माणसांचे आधीचे आणि नंतरचे ‘हो-नाही’ तपासायचे असेल, तर काय-वर्गाऐवजी मॅकनेमार यांची चाचणी घ्यावी लागते.

राहिला प्रश्न एकपुच्छ की द्विपुच्छ याचा. दुसरे औषध अधिक चांगले असण्याच्या बाजूने सुमारे ६६६ ला १ असा कौल गॉसेट यांनी दिला होता, म्हणजे त्यांचा विचार एकाच दिशेचा होता. आज आपण सहसा दोन्ही दिशा मोकळ्या ठेवतो, आणि एकच दिशा धरायची असेल तर आकडे पाहण्यापूर्वी तसे लिहून ठेवावे लागते. हा नियम केवळ शिस्तीसाठी नाही. सुरुवातीला आपण चुकीने लावलेल्या स्वतंत्र गटांच्या चाचणीचे पी-मूल्य ०.०७९ होते, निकाल पाहिल्यानंतर कोणी तिला एकपुच्छ ठरवले, तर ते निम्मे होऊन ०.०४ होते आणि ‘सार्थक’ म्हणून छापले जाते. योगायोगाने त्याचा निष्कर्ष जोड्यांच्या चाचणीशी जुळेलही, पण त्या पी-मूल्याला काही अर्थ उरलेला नसेल. त्यामुळे प्रबंधाचे परीक्षण करताना मी चाचणीच्या नावाआधी तीन गोष्टी शोधतो : एकक कोणते होते, जोड्या होत्या का, आणि दिशा केव्हा ठरवली.