कुंभार, गाढव आणि दहा मिलिसेकंद

[दृश्य : कुंभाराचं चाक, अगदी जवळून. फक्त हात आणि माती.]

आधी हे हात बघा. चाकाच्या मधोमध मातीचा गोळा. दोन्ही अंगठे गोळ्यात उतरतात, बोटं बाहेरून आधार देतात आणि मातीला पोट सुटायला लागतं. कड वर येते, पातळ होते, गळा आवळला जातो. मग ओला दोरा बुडाखालून सर्रकन ओढला, की मडकं चाकापासून सुटतं. हे आम्ही सलग अकरा वेळा चित्रित केलं. अकराही वेळा नजर हलली नाही.

हे मडकं कशामुळे झालं?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्याय या तर्कपरंपरेतल्या पंडितांनी, याच चाकाचं उदाहरण घेऊन शतकानुशतकं वाद घातले. माती हे समवायी कारण, कारण मडकं मातीतच राहतं, तिला सोडून कुठे जात नाही. कुंभार, चाक आणि चाक फिरवायची काठी, म्हणजे त्यांच्या भाषेत दंड, ही निमित्त कारणं. काम झालं की ती बाजूला होतात. सांख्य या दुसऱ्या दर्शनाचं म्हणणं वेगळं. मडकं मातीत होतंच, कुंभारानं ते फक्त उघडं केलं. न्यायवाले म्हणणार, छे, नव्हतं ते झालं. फार रसाळ वाद आहे, पण तो आज बाजूला ठेवू. कारण चौकटीत मागून कुणीतरी आलं आहे.

[दृश्य : अंगणात गाढव. शेजारी ट्रॅक्टरची ट्रॉली मातीचा ढीग ओतते.]

हे गाढव. माती एकेकाळी याच्याच पाठीवरून यायची. म्हणजे प्रत्येक मडक्याच्या आधी गाढव होतंच. मग गाढव मडक्याचं कारण का नाही?

हा प्रश्न आमचा नाही, शास्त्रग्रंथांतला आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ लिहिला. त्यात कारणाची व्याख्या अशी आहे : कार्यनियतपूर्ववृत्ति कारणम्. कार्याच्या आधी जे नेमानं असतं, ते कारण. आणि त्याच परंपरेत लगेच सावध केलं जातं, की जे जे आधी असेल ते सगळं कारण नव्हे. काठीचा रंग आधी होता. कुंभाराचे वडील आधी होते. माती वाहणारं गाढव आधी होतं. या सगळ्यांना एक शब्द आहे, अन्यथासिद्ध. ती आधी असतील, पण त्यांच्यावाचून काही अडत नाही. समोर ट्रॉली माती ओततेच आहे, आणि गाढव निवांत उभं आहे.

या व्याख्येतला एक शब्द पुढच्या सगळ्या प्रवासात सोबत ठेवा. ‘पूर्व’. आधी.

[दृश्य : एडिंबर्गचा दगडी रस्ता. पुतळ्याच्या पायाचा अंगठा, पितळेसारखा चकचकीत.]

एडिंबर्ग. इथल्या रॉयल माइलवर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा पुतळा आहे. सगळा पुतळा हिरवट काळा पडलाय, फक्त पायाचा अंगठा झळकतोय. परीक्षा चांगली जावी म्हणून विद्यार्थी येता-जाता तो घासतात.

ह्यूमनं १७३९ मध्ये विचारलं होतं, की एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा धावत सुटतो, यात तुम्हाला नेमकं काय दिसलं? आधी एक हालचाल दिसली, मग दुसरी. दोन्ही एकमेकींना खेटून होत्या, आणि दर वेळी असंच घडतं. पण पहिलीनं दुसरी ‘घडवली’, ती घडवणूक कुठे दिसली? कुठेच नाही. ती आपल्या मनाची सवय आहे.

आपल्या आज्यांनी हेच किती थोडक्यात सांगून ठेवलंय! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आणि कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. पहिल्या म्हणीत योगायोग आहे. दुसरीत तर नेम आहे, रोज आधी कोंबडा आणि मग दिवस, आणि तरीही कोंबडा कारण नव्हे. या दोन म्हणी शाळेत तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्याला लावाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पण इथेही बघा. ह्यूमनं कार्यकारणातला जोर काढून घेतला, तरी एक गोष्ट ठेवलीच. कारण आधी, कार्य नंतर. तोच शब्द.

[दृश्य : बर्नचा घड्याळ-मनोरा. सोनेरी कोंबडा पंख हलवतो, आरवतो.]

आणि हा कोंबडा बर्नचा. स्वित्झर्लंडच्या राजधानीत झिटग्लोगे नावाचा जुना मनोरा आहे. तास पडायच्या काही मिनिटं आधी त्यावरचा हा यांत्रिक कोंबडा आरवतो, विदूषक घंटा वाजवतो, आणि मग टोल पडतात.

याच रस्त्यावर, थोडं पुढे, क्रामगासे ४९. इथल्या भाड्याच्या घरात १९०३ ते १९०५ या काळात पेटंट कार्यालयातला एक तरुण कर्मचारी राहत होता, अल्बर्ट आइनस्टाइन. संध्याकाळी दोन मित्र यायचे, मॉरिस सोलोविन आणि कॉनराड हाबिख्ट. तिघे मिळून पुस्तकं वाचायचे, भांडायचे. त्या पुस्तकांत ह्यूम होता. ह्यूम आणि पदार्थवैज्ञानिक अर्न्स्ट माख यांच्या वाचनानं आपल्या विचाराला धार आली, असं आइनस्टाइननं पुढे स्वतः लिहून ठेवलं. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांना हा जिना दाखवावा.

[दृश्य : अरुंद लाकडी जिना, खालून वर.]

मे १९०५. आइनस्टाइन आपला मित्र मिकेले बेसो याच्याशी एका न सुटणाऱ्या कोड्यावर बोलत बसला. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर म्हणाला, सुटलं. ३० जून रोजी त्याचा निबंध जर्मनीतल्या ‘अनालेन डेर फिजिक’ या नियतकालिकाकडे पोचला. त्याला संदर्भसूची नाही. शेवटी आभार आहेत, ते एकट्या बेसोचे.

काय सुटलं होतं? ‘एकाच वेळी’ या शब्दांचा अर्थ. दोन दूरच्या ठिकाणी दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, असं तुम्ही म्हणता ते घड्याळं जुळवून. घड्याळं जुळवायची तर निरोप पाठवायला हवा, आणि सगळ्यात वेगवान निरोप म्हणजे प्रकाश, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. हा वेग उभ्या माणसाला आणि धावत्या माणसाला सारखाच मोजता येतो. मग हिशेब असा निघतो, की एकाला ज्या दोन घटना एकाच क्षणी घडल्या असं आढळेल, त्यातली एक दुसऱ्याच्या हिशेबात आधी येईल. दोघांचीही घड्याळं बरोबर. दोघंही खरे.

म्हणजे ‘आधी’ हा शब्दच हलला. अन्नंभट्टांची व्याख्या ज्यावर उभी, ह्यूमनंही ज्याला हात लावला नाही, तो खांब. कुणाचं ‘आधी’ धरायचं?

[दृश्य : कुंभाराच्या अंगणात दोन मडकी, एक पालथं, एक त्यावर सरळ. मग हातात डमरू.]

दोन वर्षांनी, १९०७ मध्ये, आइनस्टाइननंच हा धोका मोजून पाहिला. प्रकाशापेक्षा वेगानं धावणारा निरोप असता, तर कुणाच्या तरी हिशेबात उत्तर आधी आणि प्रश्न नंतर आला असता. मडकं आधी फुटतं, मग दगड सुटतो. यात तर्काचा विरोध नाही, असं तो प्रांजळपणे म्हणतो. पण आपल्या साऱ्या अनुभवाशी याचा इतका उभा दावा आहे, की असा निरोप नाहीच असं धरायला हवं.

आणि त्याचाच एकेकाळचा शिक्षक हेर्मान मिन्कोव्स्की यानं २१ सप्टेंबर १९०८ रोजी कोलोन शहरातल्या व्याख्यानात हे चित्रच काढून दाखवलं. ते चित्र आपल्या घरात आहे, या डमरूसारखं. मधली बारीक कंबर म्हणजे इथे आणि आत्ता. वरच्या भागात ते सगळं, जिथवर आपला निरोप पोचू शकतो. खालच्या भागात ते सगळं, जिथून आपल्याला निरोप आलेला असू शकतो. डमरूच्या आतलं आधी-नंतर कुणालाच उलटवता येत नाही, कितीही वेगानं जा. उलटतं ते फक्त डमरूच्या बाहेरचं. आणि बाहेरच्या घटनांचा आपल्याशी कार्यकारणाचा संबंधच जोडता येत नाही.

व्याख्या तगली. फक्त ‘पूर्व’ या शब्दाला आता माप मिळालं.

२०११ मध्ये जिनिव्हाजवळून ७३० किलोमीटर दूर इटलीत पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचं मोजलं गेलं, तेव्हा जगभर खळबळ माजली होती. पुढे कळलं, प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती.

[दृश्य : आकाशातून लायगो. वाळवंटात काटकोनात गेलेल्या दोन लांब नळ्या.]

आता ते दहा मिलिसेकंद. लायगो या यंत्रणेची दोन केंद्रं : अमेरिकेच्या वायव्येला हॅनफर्ड, दक्षिणेला लिव्हिंग्स्टन. दोन्हीकडे अशाच ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात पोकळी, तिच्यात लेझरचा किरण जातो-येतो. गुरुत्वलहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी लाट, आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही शेकडो पटींनी कमी.

१४ सप्टेंबर २०१५, आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं. लिव्हिंग्स्टनला थरथर उमटली. सुमारे ७ मिलिसेकंदांनी तशीच थरथर हॅनफर्डला.

ही गाठ कावळ्या-फांदीची नव्हे कशावरून?

दोन्ही ठिकाणांमधलं अंतर ३ हजार किलोमीटर. प्रकाशाला ते कापायला १० मिलिसेकंद लागतात, आणि गुरुत्वलहरीलाही तेवढेच. म्हणजे एकाच लहरीनं दोन्ही ठिकाणच्या भुजा हलवल्या असतील, तर दोन ठोक्यांत १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक असूच शकत नाही. एवढी खिडकी. त्याबाहेरचं सगळं अन्यथासिद्ध.

आणि मग जे केलं गेलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. शास्त्रज्ञांनी एका यंत्राची नोंद मुद्दामच पुढे-मागे सरकवली, १० मिलिसेकंदांहून जास्त. आता दोन नोंदींत खऱ्या लहरीचा संबंध उरणं शक्यच नाही. तरीही जी जोडी जुळेल ती निखळ कावळा-फांदी. असं कोटीहून जास्त वेळा सरकवून त्यांनी कावळे मोजले. १६ दिवसांच्या नोंदींतून ६ लाख ८ हजार वर्षांइतका कावळ्यांचा हिशेब तयार झाला. त्यात एकदाही इतकी ठसठशीत जोडी जुळली नाही.

ह्यूमला हवं होतं ते ‘घडवणं’ अजूनही कुणाला दिसलेलं नाही. पण योगायोगाला इतक्या काटेकोरपणे बाजूला काढणं त्याला नक्कीच आवडलं असतं.

[दृश्य : संगणकावर दोन रेषा, एकीवर एक सरकवून ठेवलेल्या.]

आणखी एक गोष्ट, थोडं थांबून ऐका. ७ हे १० पेक्षा कमी. म्हणजे लिव्हिंग्स्टनचा ठोका आणि हॅनफर्डचा ठोका एकमेकांच्या डमरूबाहेर आहेत. प्रकाशाच्या तीन चतुर्थांश वेगानं कुणी लिव्हिंग्स्टनकडून हॅनफर्डकडे निघालं असतं, तर त्याच्या हिशेबात हॅनफर्डचा ठोका आधी पडला असता. आणि तो चुकला नसता. पण सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, ती या दोन्ही ठोक्यांच्या आधीच. यावर विश्वातल्या कुठल्याही प्रवाशाचं दुमत होणार नाही. दोन भावंडांत थोरलं कोण यावर वाद घालता येईल. पण आई दोघांच्याही आधीचीच.

[दृश्य : पुणे, आयुका. फळ्यावर समीकरणं.]

गोंगाटातून ही थरथर हुडकायची गणिती चाळण विणणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी होते. लहर सापडायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. सापडेल याची खात्री नसताना.

[दृश्य : औंढा नागनाथ. देवळाचं कोरीव जोतं, मग मोकळं माळरान.]

आणि हे हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंगाचं गाव. या परिसरातल्या माळावर ४ किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत, लायगो-इंडिया. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, २०२३ मध्ये २ हजार ६०० कोटी रुपयांची मंजुरी. आणखी एक इतका दूरचा कान मिळाला की लहर आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते जास्त नेमकं सांगता येईल. इथली खिडकी १० मिलिसेकंदांची नसेल. लहर पृथ्वीच्या पोटातून आरपार येते, आणि पूर्ण व्यास कापायलाही तिला ४३ मिलिसेकंद पुरतात. औंढा आणि अमेरिका यांच्यातली गाठ त्याच्या आतच पडायला हवी.

सुरुवातीला पाहिलेलं चाक इथून फार लांब नाही.

[दृश्य : संध्याकाळ. आवा उघडलाय. राखेतून मडकी निघतात.]

आवा थंड झाला की कुंभारकाका एकेक मडकं उचलतात, राख झटकतात, कानाशी धरतात आणि बोटाच्या गाठीनं हलकेच ठोकतात. भेग असेल तर आवाज बद्द येतो.

[निवेदन थांबतं. ठोका. मडक्याचा नाद. दुसरा ठोका.]