काळी माती आणि प्लुटोनियमचा ठिपका

[दृश्य : मे महिना. नागपूरबाहेरचं कापसाचं रान. जमिनीला हात जाईल एवढी भेग.]

निवेदन :
मृगाचे दोन-चार चांगले पाऊस पडू द्या, ही भेग शोधूनही सापडणार नाही. काळी माती पाणी पिते आणि फुगते. घर बांधताना इथले मिस्त्री पायातली ही माती उपसून मुरूम भरतात. नाहीतर भिंतीला तडे ठरलेलेच.

या मातीतली स्मेक्टाइट गटातली खनिजं पापुद्र्यांची असतात, पाणी शिरतं ते थरांच्या मधे. बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीत हीच खनिजं खच्चून भरलेली. फिनलंडमध्ये ओंकालो या अणुकचरा पुरण्याच्या जागी, जमिनीखाली सुमारे ४३० मीटरवर, वापरलेल्या अणुइंधनाच्या तांब्याच्या डब्यांभोवती तीच ठासायची आहे. पाणी आलंच, तर माती फुगून त्याची वाट बुजवेल.

पण किती काळ? या इंधनातलं किरणोत्सारी प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४,१०० वर्षं लागतात. बख्त बुलंद शाहानं नागपूर वसवलं, त्याला अजून साडेतीनशेही झालेली नाहीत.

[दृश्य : सिंक्रोट्रॉनचं वर्तुळ, मग नमुन्याचा रंगीत नकाशा.]

एवढं थांबून कोण बघणार? म्हणून मातीच्या कणातच डोकवायचं. सिंक्रोट्रॉन नावाच्या वर्तुळाकार यंत्रात प्रकाशाच्या वेगाजवळ धावणारे इलेक्ट्रॉन वळवले की तीव्र क्ष-किरण निघतात. आपल्याला जवळचा असा सिंक्रोट्रॉन इंदूरला आहे, इंडस-२. काही प्रयोगशाळांत हे किरण एका मायक्रॉनपर्यंत, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहून बारीक, एकवटतात आणि नमुना ठिपक्या-ठिपक्यानं तपासतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं. नकाशा उमटतो : इथं लोह, तिथं प्लुटोनियम.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. किरणांची ऊर्जा थोडी-थोडी वाढवत नेली, की कुठल्या ऊर्जेला शोषण एकदम वाढतं त्यावरून प्लुटोनियमची ऑक्सिडेशन अवस्था, म्हणजे ढोबळमानानं त्याच्या अणूनं किती इलेक्ट्रॉन गमावलेत ते, कळते. सहाव्या अवस्थेत ते पाण्याबरोबर वाहू शकतं. चौथ्या अवस्थेत मातीला चिकटून बसतं. स्वित्झर्लंडच्या ओपॅलिनस क्ले या चिकणमातीच्या खडकावर सहाव्या अवस्थेतलं प्लुटोनियम सोडलं, आणि ठिपक्यांत सापडलं ते मुख्यतः चौथ्या अवस्थेतलं. अशा खडकातलं लोह त्याला इलेक्ट्रॉन देऊ शकतं. अख्ख्या ढेकळाची सरासरी काढली असती, तर हे ठिपके दिसलेच नसते.

[दृश्य : पुन्हा भेगाळलेलं रान.]

इंधनातून उष्णता मात्र निघतच राहते, आणि फार तापलेल्या मातीचं फुगणं मंदावतं. म्हणून ओंकालोच्या आराखड्यात मातीला १०० अंश सेल्सिअसची मर्यादा घातली आहे.