अडुसष्ट लिंगं आणि एक नकाशा

(दृश्य: पहाट. सिद्धेश्वर तलाव, पाण्यातलं मंदिर.)

जानेवारीत, संक्रांतीच्या दिवसांत, सोलापुरात नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक निघते. शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथल्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, अशी श्रद्धा. त्या लिंगांना तैलाभिषेक करायला ही मिरवणूक जाते.

मला ती सगळी एका नकाशावर हवी होती. मोबाइलवर जागा नोंदत फिरलो आणि घरी येऊन क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेलं हे काम आता जगभरचे लोक मिळून पुढे नेतात.

(दृश्य: संगणकाचा पडदा. निळा, रिकामा समुद्र.)

पहिल्याच दिवशी सोलापूर उत्तर ध्रुवाकडे निघालं!

आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो: १७.६६, ७५.९. इथे मात्र एक्सच्या रकान्यात रेखांश लागतो. मी उलटं भरलं, आणि सगळी लिंगं स्वालबार्डच्या दक्षिणेला, थंडगार समुद्रात. एवढी मोठी चूक परवडते, लगेच दिसते तरी. खरा घात करतात त्या गुपचूप चुका.

मंदिराभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. पण माझा थर, म्हणजे नकाशावरचा नोंदींचा पापुद्रा, ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत, म्हणजे मोजमाप अंशांत. सोलापुरात पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर. तिथे ५०० टाकल्यावर काय होणार? सोलापुरात अंतर मोजायचं तर मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ४३ उत्तर ही प्रणाली, क्रमांक ३२६४३, घ्यायची. त्यातही एक गोम आहे. थराला नुसता नवा क्रमांक चिकटवू नका. दुकानाची पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. थर नव्या प्रणालीत निर्यात करून घ्या.

मराठी नावांसाठी शेपफाइल ही नकाशाच्या नोंदी साठवायची जुनी पद्धत नकोच. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘लिंग’ एवढा शब्दसुद्धा मावत नाही! जिओपॅकेज ही नवी पद्धत वापरा, सगळं एकाच फाइलीत राहतं.

(दृश्य: भुईकोट किल्ल्याचा बुरूज.)

जुना स्कॅन केलेला नकाशा आजच्या नकाशावर बसवताना जागच्या न हललेल्या खुणा लागतात. चौक रुंद होतात, रस्ते सरकतात, बुरूज बरे. मी हुशारीने सगळ्या खुणा किल्ल्याभोवतीच घेतल्या. किल्ला अचूक बसला, कडेची गावं भलतीकडे गेली. खुणा चारही कोपऱ्यांत पसरलेल्या हव्यात.

आणि थराच्या नावाशेजारी मेमरी चिपसारखं छोटं चिन्ह दिसलं, तर तो थर तात्पुरता आहे. प्रोजेक्ट जतन केला तरी तो जतन होत नाही. प्रोजेक्टच्या फाइलीत फक्त वाटा असतात, माल बाहेर. हे मला कळलं ते संध्याकाळी लाईट गेल्यावर. दिवसभराच्या नोंदी गेल्या, मोबाइलवरच्या मी आधीच पुसल्या होत्या.

(दृश्य: अरुंद बोळ, लहानसं देऊळ.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बोळांत. ओट्यावर बसलेल्या आजींनी ओळखलं.

“काय रे बाळा, परत आलास? ह्या खेपेला तरी तेल आणलंस का?”